दडलेला निळा

मोनास्तिरच्या बस अड्ड्यावर तिजानी डाळिंबाचा रस काढतो,
साली बादलीत टाकतो.
ती बादली मी उचलतो, सकाळी सातला,
समुद्र अजून शिशाच्या रंगाचा असतो तेव्हा.

माझं काम बाटल्या धुणं.
विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीखाली.
साली आणणं त्यात बसत नाही,
पण रिहामला नाही कोण म्हणणार?
चार वर्षं झाली, ती सालींच्या मागे आहे.

वाळवते, कुटते, उकळते.
तुरट पाणी गाळून घेते,
चोथा मला देते: लसाद, तुझ्या लिंबाला घाल.
दुसऱ्या भांड्यात चांदीचा क्षार,
दिसायला नुसतं पाणी.
त्यात हे थेंब थेंब.
आधी काहीच नाही.
मग फिकट पिवळं, मग कोऱ्या चहासारखं,
मग खजुराच्या काकवीसारखं.

यात चांदी आहे, ती म्हणते,
इतकी बारीक, की आपण चांदी आहोत
हे चांदीलाच आठवत नाही.
आणि बघ, धूर नाही, विखार नाही,
नुसती फळाची साल.

हे सगळं क्सार हिलालच्या पाण्यासाठी.
तिथे जीन्सचा धागा रंगवतात.
सोळा वर्षं मी त्याच हौदांवर होतो,
लग्नातसुद्धा माझी नखं निळी होती,
सासऱ्याने हात हातात घेतला आणि सोडला.

ते पाणी तिने कुपीत भरलं.
पांढरी भुकटी टाकली, फसफसली.
(ही कुठल्या फळाची, मी विचारलं.
ती हसली नाही.)
निळा ढिम्म.
मग काकवीचा एक थेंब.
सातव्या मिनिटाला कुपीतून आरपार
खिडकी दिसली, खिडकीतला ताड दिसला.

चांदी नामानिराळी.
करून सवरून जशीच्या तशी,
पुन्हा वापरा, पाच वेळा वापरा.
तसं तिच्या वहीत आहे.
पाचव्या वेळी ती दमते, हेही आहे.
काचेला थोडी चिकटून राहते, हे नाही,
कारण ती आम्लाने मी काढतो,
आणि मला कोणी विचारलेलं नाही.

शुक्रवारी ती घाईत गेली.
एक कुपी उघडी राहिली.
सोमवारी पाहतो, तर पाण्याच्या तोंडाशी
केसाएवढी
निळी रेघ.

मी ओळखली.
हौदातून धागा वर येतो तेव्हा हिरवट पिवळा असतो,
वारा लागला की निळा.
निळा हौदात नसतोच,
वाऱ्यात असतो, असं आम्ही म्हणायचो.

भिंतीवर तिचा मोठा कागद लागला होता,
परवा ट्युनिसला न्यायचा.
त्यावर दोन कुप्यांचं चित्र, एक निळी, एक निर्मळ.
नळ माझ्या हाताशी होता.
बाटल्या धुणं माझं काम.
कोणाला कळलं असतं?

ती आली तेव्हा कुपी टेबलावर ठेवली.
म्हटलं, रंग मेलेला नाही.
श्वास रोखून बसलाय.

तिने कुपी हलवली.
रेघ सुटली, पसरली,
पुन्हा हलवली,
ताड गेला, खिडकी गेली.
ती माझ्या स्टुलावर बसली, ओल्याच स्टुलावर,
बराच वेळ.
मला वाटलं, रडेल.
तिने विचारलं,
हौदावर किती वेळात निळा व्हायचा?
धागा जाड असेल तर, म्हटलं,
एक सिगारेट संपेपर्यंत.
तिने लिहून घेतलं. सिगारेटसकट.

कागदाचं काय केलं, मी विचारलं नाही.
त्या कुपीला आत चांदीचा पातळ पदर धरलाय,
उजेडाला धरली तर स्वतःचा डोळा दिसतो.

संध्याकाळी तिजानी गाडा आवरत होता.
उद्या साली हव्यात?
हव्यात, म्हटलं.
आणि झाकणाच्या बाटल्या असतील तर त्याही दे,
घट्ट झाकणाच्या.